लेकीच्या छातीवरचा बॅज

आमची लेक दवाखान्यात एक्स-रे काढते. तिला कुणाचीच भीड नाही. यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या ढेरपोट्या गृहस्थांना म्हणते, "पोट आत ओढू नका काका, मला फक्त हाडं बघायचीत."

मी किरणांचं नाव काढून काळजी करायला लागले की म्हणणार, "आई, किरणं सासूसारखी. अंतर दुप्पट केलं की ताप एक चतुर्थांश!" हे तिच्या सासूबाईंच्या देखत. वर त्या हसतात.

बटण दाबताना ती शिशाच्या भिंतीआड असते. तरी अंगावर किती किरणं पडली ते टिपायला छातीवर बॅज लावतात आणि तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. या खेपेला तिच्या बॅजवर नेहमीच्या कितीतरी पट किरणं निघाली. आणि बाईसाहेबांना तिसरा महिना चालू.

लेक कॅलेंडरवरचे दिवस पुन्हापुन्हा मोजत बसली. जावई रिकामाच ग्लास तोंडाला लावत होता. मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं.

"बॅजमध्ये धातूच्या बारीक पट्ट्या असतात," त्या म्हणाल्या. "त्यांची सावली आतल्या फिल्मवर उमटते. बॅज अंगावर असला की हलतो, म्हणून सावलीच्या कडा पुसट येतात. हिच्या बॅजवर ब्लेडने कापल्यासारख्या आहेत. म्हणजे तो जागचा हललाच नव्हता."

"मग तो हिच्या अंगावर नव्हताच," मी म्हणाले. "ही झोपेतसुद्धा लाथा मारते."

जावयाने जोरजोरात मान डोलावली.

"बॅज कुठे होता गं?" बाईंनी विचारलं.

लेकीने जीभ चावली. "एका दुपारी फार उकडत होतं... कोट यंत्राशेजारच्या खुंटीला अडकवला होता. बॅज त्याच्यावरच."

"म्हणजे दुपारभर कोटाचा एक्स-रे काढलास! आणि तुझ्या अंगावर काय पडलं ते कोण सांगणार? भिंतीआड तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा बॅज कोरा आहे, म्हणून समजलं. तुला काही झालेलं नाही. बाळालाही नाही."

मग बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. निष्काळजी काय, बिनडोक काय! मी एकेका शब्दाला मान डोलावत होते. जावई डोळे पुसत होता. बाई दम घ्यायला थांबल्या, तशी लेक म्हणाली, "मॅडम, अजून थोडं बोला ना. कालपासून कानावर इतकं चांगलं काही पडलंच नव्हतं."