समुद्राच्या कडेनं, पदराआडून

ये गं चिमणे, अशी जवळ ये. लांबून टुकूटुकू काय बघतीस? रागवायची नाही मी, पण थोडं बोलणार. सख्खी आजी दोन विमानं बदलून, पाय सुजवून ऑस्ट्रेलियाला येती आणि तू तिला बघून अख्खं विमानतळ डोक्यावर घेतीस? असं करतात का? तेव्हा तू दहा महिन्यांची होतीस, तुला काही आठवायचं नाही. म्हणून लिहून ठेवती. तुला वाचायला येईस्तोवर तुझी आई वाचून दाखवील.

तुझी-माझी ओळख त्याच्या आधीची. तुझ्या जन्माला मला येता आलं नाही, व्हिसा वेळेत मिळाला नाही. मग काय, फोन. इकडं दुपारची भाकरी उरकली की तिकडं तुमची संध्याकाळ. मी ओट्यावर तांब्याला टेकवून फोन उभा करायची, पदर तोंडावर ओढायची आणि म्हणायची, "बुवाऽऽऽ..." तू एकदम गप्प. पदर काढला की "कुक!" आणि तू अशी हसायचीस की तुझ्या आईच्या हातातला फोन हलायचा. रोजचं होतं आपलं. मला वाटायचं, एवढी ओळख झाली, आता जाऊन नुसतं उचलायचंच बाकी आहे.

आणि विमानतळावर मी हात पुढं केले तर तू आईच्या खांद्यात तोंड खुपसून किंचाळलीस. लोकं बघायला लागली, जसं काही मी लेकरू पळवायलाच आले.

तुझी आई म्हणाली, "आई, नवी आहेस ना तिला. दे थोडे दिवस."

मी म्हणलं, "नवी? मी नवी?"

दिले थोडे दिवस. मी खोलीत आले की तू रांगत दुसऱ्या खोलीत. मी खुळखुळा वाजवला की तुझा ओठ वाकडा. आणि एक दिवस तुझ्या आजोबांचा गावाकडून फोन आला, तर तू फोनवर झडप घालून हसायला लागलीस! मी मागं उभी. 

मी म्हणलं, "बघा, तुमची नात मला वळखंना."

ते म्हणाले, "तिकडं जाऊन मेमसाब झालीस, कशी वळखंल? आदी आरशात बघ."

चेष्टा करायची सवयच आहे त्यांना. मी फोन ठेवून दिला. त्यांचं बोलणं तेव्हाच नीट ऐकलं असतं तर लई रडणं वाचलं असतं, तुझंही आणि माझंही.

माझं परतीचं तिकीट जवळ येत चाललं होतं. तुझ्या आईनं मग हा प्रवास काढला. म्हणाली, सगळे मिळून समुद्राच्या कडेनं गाडीनं जाऊ, चार दिवस एकत्र राहिलं की होईल ओळख. बरोबर तिची मैत्रीण आणि मैत्रिणीचा नवरा. मैत्रीण हैदराबादची. तिची बोली ऐकून मला माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं. आमचा मुलूख पूर्वी निजामाचा, आमच्या लहानपणी बाजारात सगळे असंच बोलायचे. तिचा नवरा तिकडचाच, ताडमाड उंच, लाल दाढीचा. ती शिकवील तसं तो मला "आज्जी, आज्जी" म्हणायचा. जिनं म्हणायचं ती मला बघून भोकाड पसरायची आणि हा दाढीवाला आज्जी म्हणायचा!

तिकडं लेकराला मांडीवर घेऊन बसता येत नाही गाडीत. कायदा आहे. वेगळी खुर्ची असती, पट्टे बांधून, तोंड पुढं. तुझ्या आईनं मुद्दाम मला तुझ्या शेजारी बसवलं. गावाची शेवटची घरंही संपली नव्हती तोवर तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस आणि सुरू. गाडी थांबवली. मला उठवून सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं, माझ्या जागी हैदराबादची मैत्रीण बसली. लगेच गप्प झालीस. लाल दाढीवाल्यानं पुढून वळून तोंड वेडंवाकडं केलं तर खिदळलीस. एवढी मोठी लाल दाढी, तिची भीती नाही आणि माझी भीती!

मागच्या सीटवर पिशव्यांमध्ये बसून मी समुद्र बघत होते. एका अंगाला डोंगर, एका अंगाला निळं पाणी, आणि रस्ता आपल्या धारूरच्या घाटासारखा वळणावळणाचा. घाटात खाली दरी असती, इथं समुद्र. पाण्यात मोठाले दगड उभे, कुणी आणून रोवल्यासारखे. दुसरं कुणी असतं तर हरखलं असतं. मी आपली तुझ्या डोक्याचा मागचा भाग बघत होते, सीटच्या वर दिसायचा तेवढा. जावळ अजून काढलेलं नव्हतं. भुरूभुरू उडायचं.

मला एकच धाक होता. मी अशीच परत गेले तर? हिला आजी म्हणजे काचेच्या आतलं माणूस, असंच कायम राहणार का?

आता माझा अवतारही सांगते, कारण सगळं त्यातच होतं. तिकडं थंडी, आणि वारं तर असं की माणूस उडंल. आपल्याकडं बाईमाणूस थंडीत बाहेर पडलं की पहिले कान बांधतं. कानात वारं शिरलं की डोकं धरतं. मी तर उतरल्यापासून कान सोडलेच नव्हते, घरातसुद्धा. तुझ्या आजोबांचा तपकिरी मफलर कपाळापासून हनुवटीपर्यंत गच्च गुंडाळलेला. वर तुझ्या पप्पांचा कोट, पदर त्याच्या आत कोंबलेला. आणि डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, उजेड सोसत नाही म्हणून काळा चष्मा. हैदराबादची पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "अम्मा, बँक लूटने जा रे क्या?" सगळे हसले, मी पण हसले. पण कान काही सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एका उंच कड्यावर थांबलो. तिथं लाकडी बाकडी होती. तुझी आई आणि पप्पा कॉफी आणायला गेले. हैदराबादची तुला मांडीवर घेऊन समोर बसली, शेजारी तिचा नवरा. मी सकाळी केलेले धपाटे काढले, शेंगदाण्याची चटणी काढली. दाढीवाल्याला धपाटे लई आवडायचे. एक त्याला दिला, एक स्वतःला घेतला.

तेवढ्यात मागून फडफड झाली. तिकडचे ते पांढरे पक्षी, सीगल म्हणतात, एकानं माझ्या हातातला धपाटा ओढला! पंख तोंडावर आपटला. मी जी ओरडले, "आगं आई गंऽऽ!" चष्मा खाली पडला. दुसरा पक्षी आला. मफलरात नखं अडकतील म्हणून मी तो ओरबाडून काढला, कोटाची बटणं तटातटा तोडली, पदर बाहेर उपसला आणि डोक्यावरून ओढून तोंड झाकून बसले. डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, दुसरं काय सुचणार?

बाहेर दोघं नवरा-बायको हसून लोळत होते.

थोड्या वेळानं मी आतूनच विचारलं, "गया क्या?"

"गया अम्मा, गया. पूरा लेके गया."

मी पदर जरासा वर केला, एका डोळ्यानं बघावं म्हणून. समोर तू. हसत नव्हतीस, रडत नव्हतीस. टक लावून बघत होतीस. माझ्या कपाळाकडं, कुंकवाकडं. तोंड अर्धं उघडं.

मी हळूच पदर परत खाली ओढला. आतून म्हणलं, "बुवाऽऽऽ..."

नुसता समुद्र ऐकू येत होता.

"कुक!"

तू हसलीस गं! फोनमध्ये हसायचीस तशी, सगळं अंग हलवून. आणि दोन्ही हात पुढं केलेस. हैदराबादच्या मैत्रिणीनं उचलून तुला माझ्या मांडीवर ठेवलं. तिचेही डोळे भरले होते. तू पहिलं काय केलंस सांगू? बोट माझ्या कुंकवावर ठेवलंस आणि मग ते बोट बघितलंस, लाल झालं का. फोनवर हात लावून ते कधी लाल होत नव्हतं ना.

तुझी आई कॉफीचे कप घेऊन आली आणि तिथंच थांबली. तिचं तोंड बघून मीच म्हणलं, "कावून रडतीस? लेकीनं वळखली की तिची आजी, बघ."

"आई, तो मफलर..." एवढंच म्हणाली.

"मफलर गेला तिकडं," मी म्हणलं. वाऱ्यानं खरंच कड्याखाली नेला होता. तुझे आजोबा अजून विचारतात त्याचं.

तिथून पुढं मी तुझ्या शेजारी बसले. कान दुखले, दुखू दिले. गावातल्या बाया विचारतात, "समिंदर कसा व्हता गं?" काय सांगू त्यांना? पुढचा सगळा रस्ता मी पदराच्या आत होते आणि तू कुकची वाट बघत होतीस.

परत आल्यावर फोन सुरूच आहे. पण आता तू चालायला लागलीस, फोनपुढं ठरत नाहीस. परवा मी "बुवाऽऽ" म्हणेस्तोवर तू पळून गेलीस, आणि मी पदर तोंडावर घेऊन बसलेली. पदर काढला तर समोर नुसती तुमची भिंत. तुझी आई म्हणाली, खेळतीय. खेळू दे. रागावले नाही मी.

फक्त लवकर ये, बाई. सीताफळांना डोळे पडून ती पिकायच्या सुमारास ये, आपल्या डोंगरात तेव्हा पाट्याच्या पाट्या भरतात. घाटाच्या वर आले की आईला फोन करायला सांग. मी फाट्यावर उभी राहीन, कितीही थंडी असू दे, कान न बांधता, पदर डोक्यावर घेऊन, म्हणजे तुला लांबूनच ओळखू येईन.