चिलटांच्या शाळेतली मधली सुट्टी

चिलटं, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या त्या बारीक माश्या, पाळायच्या तर त्यांना शिजवून घालावं लागतं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट. आठवड्याने त्याला जो आंबूस भपकारा सुटतो, तो केसांत बसतो आणि डब्यातल्या पोळीतही बसतो. मेलेली चिलटं स्पिरिटच्या बरणीत साठतात आणि तिथे त्यांचा काळा चिखल होतो. शी! चार वर्षं मी यात नाक मुरडत काढली, कारण मला पीएच.डी. हवी होती. मुरलीधरकाकांनी मात्र एकदाही नाक मुरडलं नाही.

मुरलीधर खोलकुटे खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून जबलपुरातल्या आमच्या कॉलेजात कंत्राटावर लॅब असिस्टंट झाले. "अडतीस वर्षांत सर्व्हिस बुकात एक शेरा नाही," हे ते नव्या माणसाला पहिल्या चहाच्या आधी ऐकवायचे. मला ते ऐकून ऐकून वीट आला होता.

चिलटांना शिकवायचं यंत्र त्यांनीच बनवलं होतं. पितळेच्या नळ्या, आत तांब्याची जाळी, मागे हवेचा पंप. नळीत एक वास सोडायचा, सडक्या संत्र्यासारखा, आणि त्याच वेळी जाळीतून विजेचा बारीक झटका द्यायचा. मग दुसरा वास, नव्या चपलांच्या खोक्यासारखा, झटक्याशिवाय. दुसऱ्या दिवशी दोन्ही वास समोर ठेवले की शिकलेलं चिलट संत्र्याकडे फिरकत नाही. काका या यंत्राला शाळा म्हणायचे.

या शाळेची एक खोड आहे. दहा धडे एका दमात दिले, तर दुसऱ्या दिवशी चिलटाची पाटी जवळजवळ कोरी. तेच दहा धडे मधे पंधरा-पंधरा मिनिटं थांबून दिले, तर ते कितीतरी दिवस विसरत नाही. त्या रिकाम्या वेळात त्याच्या खसखशीएवढ्या मेंदूत नवी प्रथिनं तयार होऊ लागतात आणि पेशींमधले जोड बदलतात. पक्की आठवण म्हणजे मेंदूची घडणच बदललेली असते. ते बदललेले जोड मोजणं हाच माझा प्रबंध होता.

काकांना प्रथिनांचं काही देणंघेणं नव्हतं, पण थांबणं त्यांना पटलं होतं. त्याला ते मधली सुट्टी म्हणायचे. सुट्टी झाली की पंप बंद करून बाहेर स्टुलावर बसायचे आणि घड्याळ बघून बरोबर पंधराव्या मिनिटाला आत यायचे. मी कधी घाई केली तर म्हणायचे, "मधली सुट्टी खायची नाही, बेटा. लेकरं शिकत नाहीत मग."

सप्टेंबरच्या सोळा तारखेला शेवटच्या तुकडीची शाळा होती. दुपारी दोनला सुरू केली म्हणजे पाच वाजणार, आणि माझी विजय नगरच्या पार्लरमध्ये चारची वेळ ठरलेली. फेशियल करायचं होतं मला. लिहितानाही ओकारी येते, पण कारण एवढंच होतं. मी काकांना म्हटलं, आज पंप मी बघते, तुम्ही बसा. दहा धडे सलग उरकले आणि वहीत नऊ सुट्ट्या वेळेसकट लिहून टाकल्या. तीनच्या आत मी बाहेर पडले. काका स्टुलावर बसले होते. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं.

सतरा तारखेला विश्वकर्मा पूजा. खमरियात त्या दिवशी यंत्राला हार घातल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि काकांनी आपल्या शाळेलाही तोच मान दिला. मी पोहोचले तेव्हा पितळेवर कुंकू होतं, झेंडूचा हार होता आणि खोलीत धुपाचा वास होता. खिडक्या त्यांनी आठवणीने उघडल्या होत्या. मी चाचणी घेतली. निम्मी चिलटं इकडे गेली, निम्मी तिकडे. एकालाही काही आठवत नव्हतं.

माझे गाइड असलेले सर आले, त्यांनी चाचणीचे आकडे बघितले, धुपाचा वास घेतला आणि तिथेच कडाडले. "ये लैब है या मंदिर? चार महीने की मेहनत धुएँ में उड़ा दी! कल से मत आना।" काकांना कंत्राटावर पाठवणाऱ्या एजन्सीच्या कागदावर त्यांनी त्याच टेबलावर लिहिलं, घोर लापरवाही. काका हात बांधून उभे होते. सरांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी वहीतल्या नऊ खोट्या सुट्ट्यांकडे बघत राहिले.

आठवडाभर मला अन्न गेलं नाही. मग संध्याकाळी रांझीला त्यांच्या घरी गेले. पुष्पाकाकूंनी दार उघडलं. आत काकांसमोर तो एजन्सीचा कागद होता, नीट घडी घातलेला.

"पहिला शेरा," काकू म्हणाल्या. "रोज काढून वाचून राहिले."

मी सगळं सांगितलं. पार्लर, सलग धडे, खोटी वही. धुपाचा काही दोष नव्हता, चिलटं मुळात शिकलीच नव्हती, हेही सांगितलं. काकांनी कागद बाजूला सारला.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "पंप मी बनवला ना. बाहेर ऐकू येतो. एकदाही बंद नाही झाला."

"मग सरांसमोर बोलला का नाहीत, काका?"

"मी काहून बोलू? तू होती ना तिथं." त्यांचा आवाज चढला नाही. "मी तुझ्याकडेच पाहून राहिलो होतो. म्हटलं, पोरगी आता बोलते, मग बोलते. अच्छा, सरांना सांगितलं?"

"नाही अजून."

"मग मला काय सांगून राहिली?"

काकूंनी देवापाशी दिवा लावला आणि धूप पेटवला. तो वास आला मात्र, मला तिथे बसवेना. मी तोंडावर हात धरून उठले आणि चपला घातल्या. काका दारापर्यंत आले.

"नवा माणूस आला असेल तर त्याला सांग," ते म्हणाले. "मधली सुट्टी खायची नाही."

या सप्टेंबरला दोन वर्षं होतील. प्रबंध झाला, नावाआधी डॉक्टर लागलं. आरतीला धूप पेटला की मी अजून घराबाहेर जाऊन उभी राहते. सरांना मी सांगितलेलं नाही.