झुबेदा आणि रविवारचं वाचन

सकाळी ज्वारी निवडत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं इक्बाल, झुबेदाचा थोरला मुलगा. "मावशी, अम्मी गेली. पहाटं झोपेतच गेली. दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर नेणार आहोत. तुम्ही येताय न्हवं?" मी "येते" म्हणाले. साडी बदलली, रिक्षा दारात येऊन उभी राहिली... आणि मी उंबऱ्यावरून मागं फिरले. सुनेला सांगितलं, गुडघा धरलाय. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. तिच्या घरातली सगळी माणसं मला 'अम्मीच्या बालपणची मैत्रीण' म्हणून मान देतील, पुढं बसवतील, आणि माझ्या वडिलांचं नाव आदरानं काढतील, हे मला ठाऊक होतं. तेवढं सोसायची ताकद त्या सकाळी माझ्यात नव्हती. आता तीन-चार आठवडे उलटले आहेत. परवा मी तिच्या घरी जाऊन आले. त्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी झुबेदा कोण होती ते सांगते.

आमच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तेरणेच्या काठचं, तेरच्या अंगाचं एक गाव, एवढं पुरे. राजवट निजामाची. शाळेत सगळं उर्दूतून. हिशेब उर्दूत, भूगोल उर्दूत, हजेरीला 'हाजिर' म्हणायचं. घरी बोलायचो मराठी, पण ती वाचता येत होती कुणाला? कर्त्या माणसांना मोडी यायची, तीही व्यापारापुरती. बायकांना तेवढंही नाही. माझ्या वडिलांना, अण्णांना, ही गोष्ट फार लागायची. त्यांची धान्याची आडत होती. मोंढ्यातल्या दुकानामागची कोठी त्यांनी रिकामी केली, चुना मारून घेतला आणि तिथं वाचनालय काढलं. पुस्तकं बार्शीहून यायची. बार्शी इंग्रजी मुलखात, आम्ही मोगलाईत. अण्णा येडशीहून छोट्या आगगाडीनं जायचे आणि धोतराच्या गाठोड्यात पुस्तकं बांधून आणायचे.

पोरांना त्यांनी तिथंच मराठी मुळाक्षरं शिकवली आणि एक पद्धत पाडली. शाळेत जाणाऱ्या पोराला एकट्याला पुस्तक मिळायचं नाही, ते त्याच्या घराला मिळायचं. पोरानं रोज संध्याकाळी वाचायचं, घरच्यांनी ऐकायचं, आणि रविवारी दुपारी सगळ्या घरानं कोठीत येऊन काय वाचलं ते सांगायचं. पुस्तकं थोडी आणि घरं जास्त, म्हणून अण्णा जाड पुस्तकाची शिवण उसवायचे आणि त्याचे चार-पाच पातळ भाग करून पुन्हा शिवायचे. एका घराला पहिला भाग, दुसऱ्याला दुसरा, असं. रविवारी एकेका घरानं आपला भाग सांगितला, की गोष्ट पुरी व्हायची. त्यामुळं कुणी गैरहजर राहिलं, की बाकीचे चिडायचे. कासाराची पार्वताकाकू एकदा तापानं आली नाही, तर तिच्या दारात जाऊन लोकांनी विचारलं होतं, "काकू, त्या राजाचं काय झालं तेवढं सांगा आन् मग झोपा."

युसूफमास्तर आमच्या शाळेतले. बदली होऊन आले होते. एका रविवारी झुबेदाचं बोट धरून ते कोठीच्या दाराशी उभे राहिले, चपला काढल्या आणि म्हणाले, "अण्णासाब, मेरेकु मराठी बोलना आता, पढना नै आता. बेटीके साथ बैठूं क्या?" सरकारी मास्तर, तोही मुसलमान, आमच्यात कशाला, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात आला असणार. अण्णा उठले. "मास्तर, विचारायचं काय त्यात? या की," म्हणाले आणि आपल्या शेजारी जागा केली. अण्णांचा मला इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी... तो खराच होता. पुढचं लिहिताना तोही लिहायला हवा.

झुबेदा माझ्याच वयाची, माझ्याच जमातीत, म्हणजे वर्गात. उर्दूत ती माझ्या पुढं आणि मराठीत मी तिच्या पुढं, म्हणून आमचं जमलं. मास्तर मुळाक्षरं शिकले ते लेकीच्या बरोबरीनं. 'ळ' म्हणताना त्यांची जीभ अडायची. मग झुबेदा वर्गातल्या मास्तरांसारखी भुवया चढवून त्यांना म्हणायची, "अब्बा, फिरसे!" आणि सगळी कोठी हसायची. तिची आई, जमीलाबी, पहिल्यांदा दारापाशीच बुरखा सावरून बसायची. नंतर नंतर माझ्या आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागली. रविवारी परतताना दोघी एकमेकींच्या डब्यातलं काहीतरी खायच्या. ते घरी आजीला सांगायचं नाही, अशी आईची मला ताकीद असायची.

पुढं दिवस बिघडले. रझाकारांचं नाव काढलं, की दारं लागायची. गावातली काही घरं बार्शीला निघून गेली. एका दुपारी चार-पाचजण बंदुका घेऊन मोंढ्यात आले, मराठी पुस्तकांच्या नावाखाली इथं कसल्या सभा चालतात म्हणून. आम्ही आत होतो, पोरं-बायका सगळी. दारात आडवे झाले ते युसूफमास्तर. "साब, ये बच्चों का सबक है. मैं सरकारी मुदर्रिस हूं. मेरी बेटी अंदर है, मेरी बीवी अंदर है. जिम्मा मेरा." त्यातल्या एकानं त्यांना ढकललं. मास्तरांची टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही, जागचे हललेही नाहीत. शेवटी ते लोक शिव्या देत निघून गेले. मग मास्तर आत आले, खाली बसले. अण्णांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "मास्तर, हे आमी इसरणार न्हाय," ते म्हणाले.

मग फौज आली. राजवट कोसळली. गावात झेंडे लागले, पेढे वाटले गेले, आम्ही पोरं घसा बसेपर्यंत ओरडलो. पण त्याच आठवड्यात आजूबाजूच्या गावांतून दुसऱ्याच बातम्या यायला लागल्या. ज्यांनी जुलूम केला ते केव्हाच पळाले होते. सूड घ्यायला हाताशी उरले होते ते मुसलमान शेजारी. शिंपी, तेली, मोमीन, मास्तर...

भर दुपारी आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. आईनं दार उघडलं. मास्तर, जमीलाबी, झुबेदा. जमीलाबीच्या अंगावर बुरखा नव्हता. तिचं तोंड मी असं उजेडात, इतक्या जवळून, पहिल्यांदाच पाहत होते. मास्तर दाराबाहेरच उभे होते. "अण्णासाब, दो दिन. माळ्यावर बसतो. आवाज नै करणार," ते म्हणाले. मराठीत सांगायची त्यांची धडपड चालली होती.

अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. "मास्तर, इथं नको. पहिलं माझ्याच दारात येतील ते. सगळ्यांना ठाव हाय तुमचं-आमचं. तुमी ओढ्याच्या कडंनं येडशी गाठा. गाडी मिळंल."

आई म्हणाली, "अहो, निदान पोरीला तरी ठेवू या. आपल्या शांतीचं परकर-पोलकं घालते. कुणाला कळतंय?"

"तू गप बस," अण्णा म्हणाले. आईवर असे ते कधी ओरडले नव्हते.

मास्तरांनी मान हलवली. आणि जे म्हणाले ते अजून माझ्या कानात आहे : "बरोबर आहे तुमचं. मी तुम्हाला अडचणीत आणलं. माफ करा." आई भाकरी बांधून आणायला आत धावली. ती येईपर्यंत ते गेले होते. झुबेदानं एकदा वळून पाहिलं. मी अण्णांच्या मागं होते, त्यांचं धोतर मुठीत धरून.

मास्तर येडशीला पोचलेच नाहीत. ओढ्याच्या वळणावर त्यांना गाठलं. बायको आणि मुलगी उसाच्या फडात लपून राहिल्या म्हणून वाचल्या, एवढं गावात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. कुणी गाठलं हेही कळलं होतं. त्यातले दोघं आमच्याच गावचे होते आणि एकाची पोरं रविवारी वाचायला यायची.

त्याच रविवारी कोठी उघडली. सगळी घरं आली. आमची गोष्ट चालू होती ती बहिणीला शोधत निघालेल्या दोघा भावांची. तिचा तिसरा भाग मास्तरांच्या घराकडं होता. दुसरा भाग सांगून झाला, भाऊ नदीकाठी येऊन थांबले. अण्णांनी खाली बघत सांगितलं, "चौथा घ्या." चौथ्या भागाच्या सुरुवातीला भाऊ पैलतीरावर चालत होते. कुठल्या तरी लहान पोरानं विचारलं, "नदी कशी वलांडली त्यांनी?" पोराच्या आईनं त्याच्या मांडीला चिमटा काढला. अण्णा म्हणाले, "वलांडली." बस्स. ज्या लोकांनी राजासाठी तापात पडलेल्या बाईचं दार वाजवलं होतं, त्यांच्यापैकी एकानंही त्या दिवशी विचारलं नाही की मास्तरांचं घर का आलं नाही. माझ्या आईनं विचारलं नाही. मीही नाही.

अण्णा पुढं मोठे झाले. वाचनालयाला इमारत मिळाली, सत्कार झाले. मोगलाईत मराठी कशी जगवली, यावर ते छान बोलत. बंदुका घेऊन आलेल्या माणसांची हकिकतही सांगत, पण त्यात दाराशी उभा राहिलेला माणूस 'आमच्यातले एक शिक्षक' असायचा. मी समोर बसून टाळ्या वाजवायची. आजारपणात एकदाच, मी त्यांचे पाय चेपत असताना, ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "शांते, मी भ्यालो होतो गं. लई भ्यालो होतो." मी चेपत राहिले. घरात आम्ही लहान पोरं होतो, आजी होती. ते भ्याले हे मला समजतं. समजल्यानं लाज मात्र कमी होत नाही.

लग्न होऊन मी धाराशिवला आले. एक दिवस भाजीच्या बाजारात कुणीतरी मनगट धरलं. "शांते, वळखलं न्हाय का गं?" कॉटनची फिकी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत मुलांच्या वह्या. झुबेदा. सोलापूरला मामाकडं वाढली होती, शिकली होती, आणि आता इथं शाळेत शिकवत होती. काय शिकवतेस विचारलं, तर हसून म्हणाली, "मराठी. दुसरं काय येतं मला?" माझे डोळे भरून आले आणि ती मात्र वांग्यांचा भाव करत राहिली.

त्यानंतर आमचं येणं-जाणं आयुष्यभर राहिलं. ती आमच्याकडं यायची, अण्णा मुक्कामाला असले तर त्यांच्या पायाला हात लावायची. अण्णा लगेच उठून मागच्या खोलीत जायचे. एकदा ते असे आत गेल्यावर मी धीर करून म्हणाले, "झुबे, त्या दिवशी..." तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "नक्को. मला तुझ्या घरी यायला आवडतं. तेवढं राहू दे." मी राहू दिलं. तेच सोपं होतं म्हणून राहू दिलं.

परवा शेवटी मी तिच्या घरी गेले. इक्बालनं दारापर्यंत येऊन हात धरून आत नेलं. झुबेदाची सून पाणी घेऊन आली, नातवंडं पाया पडली. चहा आला. मग इक्बाल जरा सावरून बसला आणि म्हणाला, "मावशी, एक मागायचं होतं. तुमच्या अण्णांचा एखादा फोटो असला तर द्याल का? अम्मीच्या अब्बांचा फोटो तर न्हायच आमच्याकडं, त्या वेळी घराबरोबर सगळं जळालं. अम्मी कायम सांगायची, अण्णासाहेब ओढ्यापर्यंत सोबत आले, लोकांच्या पुढं उभे राहिले, म्हणून आम्ही दोघी वाचलो. मुलांना दाखवीन म्हणतो."

कप माझ्या हातात होता. तो खाली ठेवला. गप्प राहून, घरी जाऊन, सत्कारातला एक फोटो पाठवून देता आला असता. माझ्या घरातल्या माणसांनी तेच केलं असतं, आणि मीही आजवर तेच करत आले होते. मी म्हणाले, "इक्बाल, अण्णा आले नव्हते. ते दारातून पुढं गेलेच नाहीत. दोन दिवस आसरा मागितला होता तुझ्या आजोबांनी. आम्ही दिला नाही." एवढं बोलायला मला फार वेळ लागला. सून आत निघून गेली.

तो खिडकीतून बाहेर बघू लागला. रागावेल, असं मला वाटलं. रागावायला हवाच होता. मी विचारलं, "तिनं असं का सांगितलं असेल रे तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तोही आता म्हातारा दिसायला लागला आहे, आणि भुवया अगदी झुबेदाच्या आहेत. सावकाश म्हणाला, "आम्हाला इथंच, तुमच्यातच राहायचं होतं न्हवं, मावशी."

मग त्यानं माझ्यापुढचा कप उचलला, बोट लावून पाहिलं आणि आत आवाज दिला, मावशीचा चहा निवलाय, दुसरा टाका म्हणून. मी बसून राहिले. उठून जायला मला तोंड नव्हतं, आणि तो चहा प्यायलाही.