ठाण्यावरचा डबा
अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली की मला आमचं पांढरकवड्याकडचं गाव आठवतं. त्या वर्षी कापूस मातीमोल झाला होता, आणि सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातून कापसाच्या गाठी चोरीला गेल्या म्हणून तिथे हमाली करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला पोलिसांनी उचललं. आई रोज त्याच्या आवडीची हीच भाजी आणि भाकर घेऊन ठाण्यावर जायची, मी सोबत. दारावरचा शिपाई आत सोडत नसे, पण डबा हसून घ्यायचा. "फिकर नोको करू माय, मी देतो त्याले." संध्याकाळी डबा रिकामा मिळे, आणि पोरगं जेवलं म्हणून आई शिपायाला हात जोडी. मग कळलं, भावानं गुन्हा कबूल केला. कोर्टाच्या आवारात तो दिसला, गालफडं बसलेली. आई धावली. "मी रोज डबा आनला रे, तरी काहून कबूल केलं?" "कोन्ता डबा वं माय? थे पोलिस तं म्हणत, तुयी माय म्हणते चोराचं तोंड पाहाचं नाही. मंग म्या नाही केलं, नाही केलं, हे कोनासाठी म्हणत राहू?" आई तिथेच मातीत बसली. पुढे कबुलीजबाब कोर्टात टिकला नाही आणि तो निर्दोष सुटला, पण गावात चोर हे नाव पुसलं नाही; घरी राहायला तो कधी आला नाही. आजही कुणी म्हणालं, पोलिसांत जा, तर माझे पाय उचलत नाहीत.