गाडीची चाकोरी

१९८३ साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा.

इंदिरानगरकडे मळे जाऊन बंगले उठत होते. धाकट्या भावाने पुढचं रान प्लॉटवाल्याला दिलं. मागचं माझं. माझी गाडीवाट त्याच्या रानातून, वडिलांच्या वेळेपासूनची. दुसऱ्या अंगाला नाला. वाट बंद झाली तर कोबी काय डोक्यावर काढणार? मलाही विकावंच लागलं असतं, आणि प्लॉटवाल्याला तेच पाहिजे होतं.

आमच्याकडे अशा वाटेचा कागद नसतो. चाक फिरतं तोवर वाट. चाकोरी बुजली की पंचसुद्धा बाजूने बोलत नाहीत. म्हणून माल असो-नसो, मी रोज सकाळी घरून गाडी जुंपून मळ्यात न्यायचो. नव्या बंगल्यातल्या बाई गच्चीवरून विचारायच्या, "काका, आज काय नेताय? वारा?"

"हां. तुम्हालाबी देऊ का पायलीभर?"

एका संध्याकाळी बांधकामावरच्या फळीचा खिळा माझ्या एका बैलाच्या खुरात घुसला. पाय टेकवेना. प्लॉटवाल्याचा मुकादम चाकोरीवर चुन्याची आडवी फक्की मारत होता, कंपाउंडच्या पायासाठी. लंगडता बैल बघून तो गालात हसला.

"पाटील, उद्या सुट्टी ना? गाडी आली नाही की खोदायला घेतो."

"गाडी येईल."

"एका बैलाची?"

मी बैलाला हळूहळू घरी आणलं. गोठ्यात खुराला हळद-तेल लावत बसलो. बायको म्हणाली, "भाऊजींची जोडी हाय अजून. एक बैल मागा."

"रान विकताना त्याने मला विचारलं होतं?"

"मग काय करता? वाट जाऊ देता?"

"नाय."

"मग?"

मी परत तेलाची वाटी उचलली. रात्रभर गोठ्यातच पडलो. बैल राहून राहून पाय उचलायचा, आणि मला मुकादमाचं ते हसणं दिसायचं.

सकाळी उठलो. चांगला बैल उजवीकडे जुंपला. डावीकडे मी स्वतः जुवाखाली खांदा दिला. बायको बघत राहिली.

"अहो, लोक हसतील."

"हसू दे. तू मागून लोट."

तिने पदर खोचला. फक्कीपाशी पाया खोदायला माणसं कुदळी घेऊन उभी होती. गच्चीवर बाई कठड्याला टेकून बघत होत्या. मुकादम आडवा उभा राहिला. मी थांबलो नाही, बैलही थांबला नाही. शेवटी तोच बाजूला झाला, आणि दोन्ही चाकं फक्कीवरून पार नेऊन मी गाडी माझ्या कोबीच्या बांधाला लावली.