मोबाईलमधले सर

लग्नानंतर घरात 'सर' मीच होतो. मी बीएस्सी, बायको बीए; तिनं संयुक्त पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरला आणि सामान्य विज्ञान आपसूक माझ्याकडं आलं. राहात्यात खत-बियाण्यांच्या दुकानात बसून बसून माझ्या पदवीला बुरशी आली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात घसरलो. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, इथवर बरोबर होतं. पुढं मी जोडलं, "म्हणून भातही लवकर शिजतो."

तिचं माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं. "अहो, आमच्या वरच्या वाडीत भात उलट उशिरा शिजतो. तुम्ही तिथं नुसते जेवायला बसता, चुलीपाशी कधी बसलात?"

दुसऱ्या दिवशी ओट्यावर, मिक्सरला टेकून, मोबाईलमधले सर हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात मार्कर आणि वाक्यागणिक "लक्षात आलं का?" भाकरी थापता थापता ही म्हणायची, "हो सर!" मला इतक्या लाडानं 'हो' कधी मिळाला नव्हता. वर म्हणाली, "किती शांतपणे सांगतात!" त्या दिवशी माझी भाकरी करपली. तोही दोष मी सरांनाच दिला.

मग ठरवलं, या माणसाची चूक काढायचीच. ती आंघोळीला गेली की तिच्याच मोबाईलवर मी टपून बसायचो. आणि एका सकाळी घावलीच! सर म्हणाले, फुफ्फुस धमनीतून अशुद्ध रक्त वाहतं. धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध, एवढं तर शाळेतलं पोरगंही सांगेल! मी खाली कमेंट ठोकली : "सर, आधी स्वतः अभ्यास करा. धमनीत कायम शुद्धच रक्त असतं."

संध्याकाळी बायकोनं सरांचं उत्तर मोठ्यानं वाचलं. "ताई, फुफ्फुस धमनी हा अपवाद. ती हृदयातलं अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडं नेते. घाबरू नका, परीक्षेच्या ताणात होतं असं." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

"ही ताई कोण हो?"

"मोबाईल हॅक झाला असेल," मी म्हणालो.

"व्हय का? हॅकरपण बीएस्सीला काठावरच पास झालेला दिसतोय."

परीक्षा नगरला होती. मी फाटकाबाहेर उभा. ती हसतच बाहेर आली. "फुफ्फुस धमनी आली होती! लगेच गोल काळा केला."

"सरांनी शिकवलेलं आठवलं ना?" मी कडू तोंडानं विचारलं.

"न्हाई हो. आत सगळी पाटी कोरी. तुमची कमेंट तेवढी आठवली."

मी असा फुगलो की रसवंतीत दोन ग्लास उसाचा रस एकटाच प्यायलो. परतीच्या एसटीत मात्र ती मोबाईलवर काही टाइप करू लागली. मी मान वाकडी करून वाचलं : "सर, तुमच्यामुळे एक प्रश्न हमखास बरोबर आला."

"अर्धा तरी माझ्या नावावर लिही की," मी म्हटलं.

तिनं पुढं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि पाठवून दिलं.