घोडीचे बूट

आमचे मामंजी म्हणजे हट्टाचा पुतळा. जन्म घोडागाडी हाकण्यात गेला, त्यामुळे सुनेनं घोडीबद्दल तोंड उघडलं की कपाळाला आठ्या!

घोडीच्या खुरांच्या कडा तुटायला लागल्या. नालबंद म्हणाला, "आता नालेचा खिळा धरणार नाही. खूर वाढेपर्यंत रबरी बूट घाला." माप घेऊन त्यानंच बूट बसवले आणि बजावलं, "आधी थोडंथोडंच चालवा. खूर पुसून, कोरडे करून मगच चढवा. गाडी सोडली की लगेच काढा, आणि टाचेवरून बोट फिरवून बघा, कातडी सोलवटलीय का."

मामंजींनी मान डोलावली. ती मान मी ओळखते. या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडून द्यायचं.

पहिल्याच दिवशी तिला दिवसभर जुंपली. संध्याकाळी बूट तसेच पायात. "तबेल्याची फरशी गार लागते तिला. राहू देत," म्हणाले. माया होती हो, नाही कशी म्हणू? पण स्वतःचे बूट मात्र दारातच भिरकावून, गरम पाण्यात पाय सोडून बसले.

"मामंजी, तिचेही काढू का?"

"तू तुझा स्वयंपाक बघ. आता घोडा मला तू शिकवणार?"

नवऱ्यानं पेपरात डोकं खुपसलं. घरात वाद झाला की याला बातम्यांचा भारी पुळका येतो.

बूट जरा हलतोय म्हणून मामंजींनी पट्टा आणखी आवळला. आत वाळू शिरलेली होतीच. घोडी पाय झटकायला लागली, तर हसून म्हणाले, "नवे बूट मिळालेत ना, नखरे चाललेत!"

चार दिवसांनी वास आला. त्या दिवशी मी कुणाचं ऐकलं नाही. पट्टा सोडून बूट ओढला, तर टाचेची कातडीच त्याच्याबरोबर निघाली. आत पू आणि वाळू. मामंजी वाकून बघायला लागले.

"मला वाटलं, तिला गार लागत असेल."

"वाटलं म्हणे! एकदा काढून बघितलं का नाही?" मी ओरडले. सासऱ्यांवर आवाज चढवला, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.

जखम भरली. आता बूट मीच घालते, मीच काढते, धुऊन वाळवते. मामंजी गाजर घेऊन जातात. गाजर ती खाते. पायाशी वाकले, की कान पाडून लाथ उगारते.

परवा भिंतीला टेकून म्हणत होते, "अगं, मी आहे गं, मी!"

तिनं ओळखलं होतंच की.